भोवळीचे मूळ स्थान: घेरीच्या निदानाचा आणि उपचारांचा इतिहास

उन्हातून आल्यावर किंवा उपाशीपोटी एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना आपला तोल जाईल असे सतत वाटत राहणे आणि आपण जागच्या जागी असूनही खोली, भिंती, छत गरगर फिरत असल्याचा भास होणे, हे तीन वेगळे अनुभव रुग्ण बहुधा ‘चक्कर येते’ एवढ्या एकाच तक्रारीत सांगतो. यांतील पहिला अनुभव प्रामुख्याने मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडल्याने येतो, दुसऱ्यामागे मज्जातंतूंपासून सांध्यांपर्यंत अनेक कारणे असू शकतात, तर तिसऱ्याचे, म्हणजे ज्याला घेरी किंवा भोवळ म्हणतात त्याचे, मूळ बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागात असते. आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवली जाणारी ही गोष्ट दीडएक शतकापूर्वीपर्यंत जवळजवळ कोणाच्याही ध्यानात आलेली नव्हती. घेरीच्या इतिहासाचे वैशिष्ट्य असे की त्यातील पुरावे बरेच आधी गोळा झाले होते, परंतु ते एकमेकांना जोडले जाण्यास दर वेळी काही दशके जावी लागली, आणि रोग चुकीच्या जागी शोधला जात असताना उपचारही चुकीच्याच जागी होत राहिले.

प्राचीन वैद्यकाने या अनुभवाचे वर्णन मात्र अचूक केले होते. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांच्या यादीत ‘भ्रम’ येतो; सुश्रुताने त्याची कारणमीमांसा रजोगुण, पित्त आणि वात यांच्या संयोगातून मांडली, आणि माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथात भ्रमाला मूर्च्छा, तंद्रा, निद्रा आणि संन्यास यांच्या शेजारी जागा देऊन, शरीर चाकासारखे फिरत असल्याचे जाणवून रुग्ण जमिनीवर पडतो असे त्याचे लक्षण सांगितले आहे. हे वर्गीकरण विचारपूर्वक केलेले आहे, कारण त्यात जाणीव हरपण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या एकत्र आणल्या आहेत. तरीही सुश्रुताने कानाचे जे अठ्ठावीस रोग वर्णिले त्यांत बहिरेपणा आहे, कानात आवाज येणे आहे, पण भ्रम नाही. ग्रीक-रोमन परंपरेतही चित्र फारसे वेगळे नव्हते. तेथे घेरी ही डोक्यातील विकृती मानली गेली, अपस्माराची म्हणजे फेफऱ्याची धाकटी बहीण समजली गेली, आणि शरीरातील चार रसांचा समतोल बिघडल्याने किंवा पोटातून उठलेली वाफ डोक्यात चढल्याने ती येते असे स्पष्टीकरण दिले गेले. महाराष्ट्रातील घरांमध्ये आजही घेरी आली की प्रथम पित्ताचे नाव निघते आणि सूतशेखराची मात्रा आठवते, यामागे हीच दीर्घ परंपरा उभी आहे. घेरीबरोबर मळमळ आणि उलटी हमखास असल्याने पोटाकडे बोट दाखवणे निरीक्षणाच्या दृष्टीने स्वाभाविकही होते.

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात रसांच्या सिद्धांताची जागा ‘मेंदूतील रक्तसंचय’ या कल्पनेने घेतली. मेंदूत रक्त साचते, त्यामुळे माणूस भोवंडतो, आणि हे साचणे वाढले की पक्षाघाताचा झटका येतो, असा हा विचार होता. त्याचा परिणाम असा झाला की घेरी आलेल्या माणसाचे रक्त काढले जाई, त्याला जळवा लावल्या जात, जुलाब दिले जात आणि उपाशी ठेवले जाई. मुळात अशक्त झालेला, उलट्यांनी बेजार झालेला रुग्ण या उपचारांनी आणखी खंगत असणार, हे सांगण्यास वैद्यकीय ज्ञानाची गरज नाही. याच काळात फिरण्याचा नेमका उलट उपयोगही केला जात होता. इंग्लंडमध्ये जोसेफ मेसन कॉक्स यांनी मनोरुग्णांना खुर्चीत बांधून वेगाने गरगर फिरवण्याचा उपचार १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून लोकप्रिय केला, आणि अशा फिरत्या खुर्च्या अनेक वेडगृहांत बसवल्या गेल्या. त्या रुग्णांवर जे लादले गेले ते क्रूर होते यात शंका नाही; परंतु फिरवण्याने घेरी हुकमी निर्माण करता येते, म्हणजे तिचा अभ्यासही करता येतो, हे याच काळात लक्षात आले. प्रागचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२० मध्ये स्वतःवर आणि इतरांवर केलेल्या अशा निरीक्षणांतून दाखवून दिले की फिरताना डोके ज्या स्थितीत धरले असेल त्यावर घेरीची दिशा ठरते, आणि थांबल्यावर डोके वळवले की भासाचा आसही डोक्याबरोबर वळतो. याचा सरळ अर्थ असा होता की फिरण्याची जाणीव करून देणारी एखादी रचना डोक्यातच पक्की बसवलेली असली पाहिजे. पुर्किन्ये यांनी ती मेंदूत शोधली.

ती रचना प्रत्यक्षात शरीररचनाशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होती. कानाच्या मागील कठीण हाडात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी जवळजवळ काटकोन करून बसलेल्या असतात, त्या द्रवाने भरलेल्या असतात, आणि त्यांच्या शेजारीच ऐकण्याचे इंद्रिय असलेला शंखाकृती भाग असतो. या साऱ्या गुंतागुंतीच्या पोकळीला अंतर्कर्ण म्हणतात. सारे काही कानातच असल्यामुळे नलिकांचे कामही ऐकण्याचेच असणार, आवाज कोणत्या दिशेने आला हे बहुधा त्या सांगत असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. १८२४ पासून पुढील काही वर्षांत पॅरिसचे प्येर फ्लूराँस यांनी कबुतरांच्या या नलिका एकेक करून छेदल्या, तेव्हा वेगळेच घडले. आडवी नलिका छेदलेल्या कबुतराचे डोके डावी-उजवीकडे हेलकावू लागले आणि पक्षी स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला. उभ्या नलिका छेदल्यावर तो पुढे किंवा मागे कोलांट्या खाऊ लागला. प्रत्येक नलिकेची एक दिशा होती आणि बिघाड त्याच दिशेत दिसत होता. ऐकणे मात्र शाबूत होते. इतका स्पष्ट पुरावा हाती असूनही फ्लूराँस यांनी नलिका हे हालचालींना आवर घालणारे अवयव मानले. ते तोलाचे ज्ञानेंद्रिय असेल आणि माणसाला येणारी घेरी हा त्याच इंद्रियाचा आजार असेल, येथपर्यंत त्यांचा विचार गेला नाही. प्रयोगशाळेतील कबुतर आणि रुग्णालयातील भोवळलेला माणूस यांच्यात पुढची सुमारे पस्तीस वर्षे कोणी नाते जोडले नाही.

ते नाते जोडणारे प्रॉस्पेर मेनिएर हे काही तोलाच्या विकारांचे अभ्यासक नव्हते. १७९९ मध्ये आँजे येथे जन्मलेल्या मेनिएर यांनी पॅरिसच्या ओतेल द्यू या जुन्या रुग्णालयात द्युपुइत्राँ या विख्यात शल्यवैद्याच्या हाताखाली काम केले, १८३० च्या जुलै क्रांतीतील जखमींवर तेथे झालेल्या उपचारांची हकिकत लिहिली, आणि १८३३ मध्ये बंदिवासात असलेल्या, पदच्युत राजघराण्यातील डचेस ऑफ बेरी यांच्यावर वैद्यकीय देखरेख ठेवण्याची राजकीयदृष्ट्या अडचणीची कामगिरीही पार पाडली. १८३८ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय मूकबधिर संस्थेचे वैद्य इतार यांच्या निधनानंतर मेनिएर यांची तेथे मुख्य वैद्य म्हणून नेमणूक झाली आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी बहिऱ्या माणसांच्या सहवासात घालवले. प्रतिष्ठेच्या दृष्टीने हे पद दुय्यम होते, कारण कानाच्या रोगांना त्या काळी वैद्यकात स्वतंत्र मान नव्हता. पण घेरीचे कोडे सुटण्यास नेमकी हीच जागा उपयोगी पडली. मेंदूच्या रोगांचा वैद्य घेरी आलेल्या रुग्णाला ऐकू येते का, हे सहसा विचारत नसे. मेनिएर यांच्याकडे माणसे येत ती ऐकू येईनासे झाले म्हणून, आणि त्यांची सगळी कहाणी ऐकून घेताना त्यांना त्यात पुन्हा पुन्हा तोच क्रम आढळू लागला: आधी एका कानात गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज, मग अचानक गरगरणे, मळमळ, उलटी, चेहरा पांढरा पडणे, घाम सुटणे, पण शुद्ध न हरपणे, काही तासांनी सारे ओसरणे आणि प्रत्येक झटक्यानंतर श्रवण थोडे अधिक मंद होत जाणे.

८ जानेवारी १८६१ रोजी त्यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे आपला निबंध वाचला. ज्याला मेंदूतील रक्तसंचय म्हटले जाते अशा अनेक रुग्णांचा रोग मेंदूत नसून अंतर्कर्णात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच सुमारास अकादमीत रक्तसंचयाच्या निदानावर वाद चालू होता. त्याच महिन्यात आर्मां ट्रूसो या मातब्बर वैद्याने रक्तसंचय म्हणून नोंदवलेले अनेक झटके वस्तुतः अपस्माराचे असतात असे मांडले, आणि मेनिएर यांची मांडणी ही त्या जुन्या निदानाला दुसऱ्या बाजूने बसलेली धडक होती. आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी मेनिएर यांनी फ्लूराँस यांच्या कबुतरांचा आधार घेतला आणि फार पूर्वी पाहिलेल्या एका तरुण मुलीच्या शवविच्छेदनाचा दाखला दिला. कडाक्याच्या थंडीत रात्रभर घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास केल्यानंतर ती मुलगी एकाएकी बहिरी झाली होती, थोडीशी हालचाल करताच तिला घेरी येई आणि उलट्या होत, आणि पाचव्या दिवशी ती मरण पावली. तिचा मेंदू व मज्जारज्जू निरोगी आढळले. अर्धवर्तुळाकार नलिका मात्र लालसर, रक्तमिश्रित द्रवाने भरलेल्या होत्या.

या दाखल्याने पुढे एक गोंधळ निर्माण केला, आणि त्याची जबाबदारी मेनिएर यांच्यापेक्षा त्यांच्या वाचकांवर अधिक आहे. बिघाड कोठे असतो हे दाखवण्यासाठी त्यांनी ती मुलगी उदाहरणादाखल आणली होती. वर्षानुवर्षे येणाऱ्या झटक्यांचा जो आजार ते वर्णन करत होते तो तिला नव्हता, कारण तो आजार पाच दिवसांत जीव घेत नाही. तरीही अनेक पाठ्यपुस्तकांनी अंतर्कर्णातील रक्तस्राव हेच या रोगाचे कारण असे दीर्घकाळ छापले. मेनिएर यांना त्याचे स्पष्टीकरण करण्याची संधी मिळाली नाही. निबंध वाचल्यावर जेमतेम वर्षभराने, ७ फेब्रुवारी १८६२ रोजी, ते निवर्तले. ज्या रोगाला पुढे जगभर त्यांचे नाव मिळाले, तो वैद्यकाने मान्य केल्याचे त्यांना पाहता आले नाही.

मान्यता आली ती शरीरक्रियाशास्त्राच्या मार्गाने. १८७० मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रीडरिख गोल्ट्स यांनी नलिका हे डोक्याच्या, आणि त्याद्वारे शरीराच्या, तोलाचे इंद्रिय आहे असे स्पष्ट म्हटले, आणि १८७३ ते १८७५ या दोन-तीन वर्षांत प्रागमधील पदार्थवैज्ञानिक अर्न्स्ट माख, व्हिएन्नातील वैद्य योझेफ ब्रॉयर आणि एडिंबरातील रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राउन हे तिघे परस्परांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच निष्कर्षास पोहोचले. डोके वळते तेव्हा नलिकेची भिंत त्याच्याबरोबर वळते, पण आतील द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो. या फरकाने नलिकेच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म केशपेशी वाकतात आणि मेंदूला वळणाची वार्ता पोहोचवतात. वेग एकसारखा राहिला तर काही वेळाने द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो व फिरण्याची जाणीव नाहीशी होते, आणि एकदम थांबल्यावर द्रव पुढे वाहत राहिल्याने उलट दिशेचा भास होतो. माख यांनी फिरत्या खुर्चीत स्वतः बसून याची खात्री केली होती. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये याच तत्त्वाचा पडताळा बहिऱ्या-मुक्या व्यक्तींवर घेतला. फिरवून पाहिलेल्या ५१९ जणांपैकी १८६ जणांना अजिबात घेरी आली नाही, तर हार्वर्डमधील सुमारे २०० विद्यार्थी व शिक्षकांपैकी ज्याला घेरी आली नाही असा एकच निघाला. ज्यांचे अंतर्कर्ण जन्मतः किंवा बालपणीच्या आजाराने निकामी झाले होते त्यांना घेरी येऊच शकत नव्हती. मेनिएर यांच्या संस्थेतील मुलांना खुर्चीत बसवून फिरवले असते तर हाच पुरावा वीस वर्षे आधी मिळाला असता.

या ज्ञानाचे रोगनिदानाच्या साधनात रूपांतर केले ते रॉबर्ट बारानी यांनी. १८७६ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले बारानी तेथील पोलिट्झर यांच्या प्रसिद्ध कर्णचिकित्सालयात काम करत असताना, कान पाण्याने धुताना रुग्णांना घेरी येते ही सर्वांना ठाऊक असलेली बाब त्यांनी बारकाईने तपासली. पाणी थंड असल्याची एका रुग्णाची तक्रार ऐकून त्यांनी ते अधिक गरम केले तेव्हाही त्याला घेरी आली. मात्र या खेपेस डोळ्यांचे झटके उलट दिशेने होते. घेरीच्या वेळी डोळे एका बाजूला हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात, या लयबद्ध हालचालीला निस्टॅग्मस म्हणतात, आणि ती रुग्णाच्या इच्छेवर अवलंबून नसल्याने वैद्याला विश्वासार्ह खूण म्हणून उपयोगी पडते. तापवलेल्या पाण्याच्या टाकीत गरम पाणी वर जाते आणि थंड खाली उतरते, तसेच नलिकेतील द्रवाचे होत असले पाहिजे, असे बारानी यांनी ओळखले. १९०६ मध्ये मांडलेल्या या उष्मा-चाचणीमुळे दोन्ही कानांतील तोलाच्या इंद्रियांची स्वतंत्रपणे परीक्षा घेणे प्रथमच शक्य झाले; खुर्चीत फिरवताना दोन्ही कान एकाच वेळी चाळवले जात, पाण्याने एकेका कानाला वेगळे प्रश्न विचारता येऊ लागले. १९८३ मध्ये अंतराळयानात, जेथे वजनरहित अवस्थेमुळे गरम द्रव वर चढू शकत नाही, हीच चाचणी केली असता डोळ्यांचे झटके तरीही दिसले, त्यामुळे बारानी यांचे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे सिद्ध झाले. चाचणीची उपयुक्तता मात्र शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

बारानी यांचे पुढील आयुष्य मेनिएर यांच्याइतकेच लक्षात राहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्यात शल्यवैद्य म्हणून गेले, प्शेमिश्ल या किल्ल्याच्या पाडावात रशियाच्या हाती सापडले आणि मध्य आशियातील मर्व येथील युद्धकैद्यांच्या छावणीत असतानाच त्यांना १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्याचे कळले. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसमार्फत मध्यस्थी केल्यावर १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. व्हिएन्नातील सहकाऱ्यांनी मात्र इतरांच्या कामाचे श्रेय त्यांनी दिले नाही असे आरोप केले, आणि बारानी यांनी १९१७ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे जाऊन उर्वरित आयुष्य तेथे काढले. तेथूनच १९२१ मध्ये त्यांनी एका तरुण स्त्रीचे निरीक्षण प्रसिद्ध केले: अंथरुणात ती एका विशिष्ट कुशीवर वळली की काही सेकंद जोराची घेरी येई आणि लगेच थांबे. तोलाच्या इंद्रियाचाच भाग असलेल्या एका पिशवीत चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म कण असतात आणि ते गुरुत्वाकर्षणाची जाणीव देतात. बिघाड त्या कणांच्या अवयवात असावा असे बारानी यांचे मत होते. घेरीच्या सर्वांत सामान्य प्रकाराचे मर्म त्यांच्या इतके जवळ आले होते, आणि तरीही त्यावरील उपचार सापडण्यास आणखी सुमारे साठ वर्षे लागली.

दरम्यान मेनिएर यांच्या रोगावर औषधे आणि शस्त्रे यांचा मारा चालू होता. पॅरिसचे मज्जासंस्थातज्ज्ञ शार्को यांनी १८७० च्या दशकात क्विनीन भरपूर मात्रेत दिले, १९२७ मध्ये बोर्दोचे जॉर्ज पोर्तमान यांनी अंतर्कर्णातील द्रवाची पिशवी उघडण्याची शस्त्रक्रिया केली, आणि बॉल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी तोलाचा मज्जातंतूच कापण्याच्या शस्त्रक्रिया शेकडो रुग्णांवर केल्या. रोगाचे शारीरिक स्वरूप कळले ते अशा शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या दोन रुग्णांच्या कानांच्या हाडांवरून: १९३८ मध्ये लंडनचे चार्ल्स हॉलपाइक व ह्यू केर्न्स यांना, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे ओसाकाचे यामाकावा यांना, अंतर्कर्णातील द्रव वाढून पातळ पडदे फुगलेले आढळले. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन इंग्रज वैद्यांनी डोळे, मान आणि धड यांच्या क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या हालचालींचे व्यायाम आखले. एका कानाची वार्ता नाहीशी झाली तरी डोळे आणि सांधे यांच्या मदतीने मेंदू तोल पुन्हा शिकतो, हे त्यांचे सूत्र होते. घेरीच्या रुग्णाने निपचित पडून राहावे या समजुतीला ते थेट छेद देणारे होते, आणि आज भौतिकोपचार केंद्रांत शिकवले जाणारे तोलाचे व्यायाम त्यांचेच वंशज आहेत. मेंदूला किती शिकावे लागते याची कल्पना स्ट्रेप्टोमायसिनने दिली. क्षयरोगावरील हे पहिले प्रभावी औषध तोलाच्या केशपेशींना इजा करते, आणि १९५२ मध्ये एका वैद्याने, स्वतःच्या दोन्ही कानांचा तोल या औषधाने गेल्यानंतर, चालताना रस्त्यावरील पाट्या वाचता येत नाहीत, अंधारात उभे राहता येत नाही, वाचताना नाडीच्या ठोक्यांनीही अक्षरे हलतात, अशा स्वरूपाचे अनुभव निनावी लेखात नोंदवले. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने अनेक दशके दिली गेलेल्या भारतात अशा हानीचे रुग्ण कानाच्या वैद्यांच्या परिचयाचे आहेत.

कुशीवर वळताना येणाऱ्या घेरीचा उलगडा मार्गरेट डिक्स आणि हॉलपाइक यांच्या १९५२ च्या अभ्यासापासून सुरू होतो. रुग्णाला बसवून, मान एका बाजूला वळवून, झटकन मागे आडवे करून डोके पलंगाच्या कडेखाली लोंबते ठेवायचे आणि डोळ्यांकडे पाहायचे, ही त्यांची परीक्षा कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते. काही सेकंदांच्या विलंबाने डोळे फिरल्यासारखे झटके देतात, मग थांबतात, आणि परीक्षा पुन्हा केली तर झटके कमी होतात. १९६९ मध्ये हॅरल्ड शुकनेश्ट यांनी मृत रुग्णांच्या अंतर्कर्णाच्या छेदांवरून सुचवले की पिशवीतून सुटलेले चुनखडीचे कण मागील नलिकेच्या संवेदक पडद्यावर चिकटतात. ओरेगॉनमधील पोर्टलंडचे जॉन एप्ली यांनी मात्र लक्षणांच्या विलंबावरून आणि थांबण्यावरून तर्क केला की कण चिकटलेले नसून नलिकेत मोकळे तरंगत असावेत, आणि तसे असेल तर डोके ठरावीक क्रमाने वळवत नेऊन ते गुरुत्वाकर्षणानेच पुन्हा पिशवीत परतवता येतील. १९८० मध्ये त्यांनी हा उपचार सहकाऱ्यांपुढे मांडला तेव्हा त्याची टर उडवली गेली, त्यांचे लेख नाकारले गेले आणि या उपचाराचे वर्णन छापून येण्यास १९९२ साल उजाडले. पुढे त्यांच्या राज्यातील वैद्यकीय मंडळापुढे त्यांची चौकशीही चालली, जिच्यातून ते निर्दोष सुटले. औषध नाही, शस्त्र नाही, पाच-दहा मिनिटांत पलंगावर हातांनी करायची क्रिया आहे, आणि तिने वर्षानुवर्षांची घेरी थांबते, हेच बहुतेकांना अविश्वसनीय वाटले. २००८ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञांच्या संघटनेने या प्रकारच्या घेरीवर हीच क्रिया करावी आणि घेरी दाबणारी औषधे सर्रास देऊ नयेत अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील लहान शहरांतील कानाच्या दवाखान्यांतही ती आज केली जाते. तरीही मानेच्या मणक्याची झीज किंवा पित्त अशा निदानाखाली गळपट्टा आणि गोळ्या घेऊन महिनोन्महिने काढणारे रुग्ण अजून भेटतात, आणि ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे.

मेंदू की कान, हा १८६१ चा प्रश्न मात्र तातडीच्या विभागात आजही रोज विचारला जातो, फक्त त्याचा रोख बदलला आहे. घेरी बहुधा कानाची असते हे आता सर्वांना ठाऊक असल्यामुळेच, लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठात झालेला रक्तपुरवठ्याचा अडथळा कानाचा आजार समजला जाऊन रुग्ण घरी पाठवला जाण्याचा धोका निर्माण झाला. १९८८ मध्ये सिडनीतील मायकेल हलमागी आणि इयन कर्थॉइस यांनी एक साधी परीक्षा सुचवली: रुग्णाला वैद्याच्या नाकाकडे पाहत राहण्यास सांगून त्याचे डोके झटकन थोडेसे वळवायचे, नजर नाकावरून ढळली आणि मागून उडी मारून परत आली तर बिघाड बहुधा कानात आहे, आणि सतत घेरी चालू असतानाही नजर ढळली नाही तर मेंदूचा संशय धरायचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात, ही परीक्षा आणि डोळ्यांच्या आणखी दोन खुणा मिळून पहिल्या दोन दिवसांतील पक्षाघात ओळखण्यात एमआरआय चित्रापेक्षाही सरस ठरल्या, कारण त्यांतील काही रुग्णांचा पहिला एमआरआय निर्दोष दिसला होता आणि अडथळा पुन्हा काढलेल्या चित्रातच उमटला.